निवृत्त झालेले मोठे खेळाडू परत का येतात? आणि ‘आता पुरे’ हे त्यांना कोणी सांगायचं?

अनवाणी

परवा रात्री झोप येईना म्हणून मुहम्मद अली विरुद्ध लॅरी होम्स ही २ ऑक्टोबर १९८० ची बॉक्सिंगची लढत पाहायला घेतली. नसती पाहिली तर बरं झालं असतं. अली तेव्हा ३८ वर्षांचा होता. दोन वर्षं तो लढला नव्हता आणि आदल्या वर्षी निवृत्ती जाहीरही करून झाली होती. समोर होम्स, म्हणजे एकेकाळी सरावात अलीच्याच हातचे ठोसे खाऊन शिकलेला पोरगा. दहा फेऱ्या अली नुसता मार खात होता. शेवटी त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं लढत थांबवली. कोपऱ्यातला अलीचा साथीदार बंडिनी ब्राउन ‘अजून एक फेरी’ म्हणून गयावया करत होता, डंडीनं ऐकलं नाही. जिंकलेला होम्स नंतर रडला. आणि एवढं होऊनही पुढच्या वर्षी डिसेंबरात अली ट्रेव्हर बर्बिकशी लढायला बहामाला गेलाच. तीही लढत हरला. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं.

तेव्हापासून डोक्यात दोन प्रश्न आहेत. एक, ज्यांनी सगळं मिळवलंय ते परत का येतात? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: थांब म्हणायचा हक्क नेमका कोणाचा? प्रशिक्षकाचा, डॉक्टरचा, घरच्यांचा, की कोणाचाच नाही?

तुमचे अनुभव, मतं, उदाहरणं सगळं लिहा. मला खरंच उत्तर हवंय. कारण नंतर सांगेन.

तिसरा पंच

डॉक्टरनं सांगितलं होतं हो. अलीचा डॉक्टर फर्डी पाचेको. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सबरोबरच्या लढतीनंतर त्यानं अलीच्या मूत्रपिंडाचे अहवाल पाहिले, ‘आता थांबा’ म्हणून संबंधितांना लेखी कळवलं आणि कोणी दाद दिली नाही तेव्हा तो अलीचा कोपरा सोडून गेला. म्हणजे होम्सच्या लढतीआधी तीन वर्षं धोक्याची घंटा वाजली होती. सांगणारा होता, ऐकणारा नव्हता.

रात्रपाळी

अफ्रिदीचं नाव अजून कसं आलं नाही? २००६ मध्ये कसोटीतून निवृत्ती, दोन आठवड्यांत माघार. २०१० मध्ये कर्णधार म्हणून एक कसोटी खेळून पुन्हा कसोटीतून निवृत्ती. २०११ मध्ये सगळ्यातून, मग परत. २०१५ मध्ये एकदिवसीय, २०१७ मध्ये सगळं संपलं म्हणाला, आणि २०१८ मध्ये लॉर्ड्सवर जागतिक संघाकडून मैदानात हजर! आमच्या ग्रुपवर कोणी ‘मी हा ग्रुप सोडतोय’ म्हणालं की आम्ही त्याला अफ्रिदी म्हणतो. :)

पाचवा गिअर

@रात्रपाळी, हसून घेतलं. पण माझ्या मते ‘परत येणं म्हणजे फजिती’ हे आपण आधीच धरून चालतोय. निकी लाउडा बघा. १९७९ मध्ये कॅनडात सरावाच्या दिवशीच त्यानं फॉर्म्युला वन सोडलं आणि स्वतःच्या विमान कंपनीच्या मागे लागला. १९८२ मध्ये परतला तो मॅक्लारेनकडून, तिसऱ्याच शर्यतीत जिंकला, आणि १९८४ मध्ये तिसऱ्यांदा जगज्जेता झाला, तोही अलेन प्रॉस्टपेक्षा फक्त अर्ध्या गुणानं पुढे राहून. त्या वर्षी मोनॅकोची शर्यत पावसामुळे अर्ध्यावर थांबवून अर्धे गुण दिले होते, म्हणून हा अर्धा गुण.

आणि शूमाखर. २००६ मध्ये थांबला तेव्हा ९१ विजय नावावर. २०१० मध्ये ४१ व्या वर्षी मर्सिडीजकडून परतला. तीन हंगामांत एकही विजय नाही, फक्त २०१२ मध्ये व्हॅलेन्सियाला तिसरा क्रमांक. लोक म्हणाले नाव घालवलं. मी ते तिन्ही हंगाम बघितलेत. मोनॅको २०१२ ला पात्रता फेरीत सगळ्यात वेगवान वेळ त्याची होती, आधीच्या शर्यतीतल्या शिक्षेमुळे पाच जागा मागे जावं लागलं ही गोष्ट वेगळी. त्या दिवशी मी एकटाच खोलीत उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्याचं नाव वगैरे काही गेलं नाही. ९१ चे ९० झाले नाहीत.

स्वल्पविराम

“९१ चे ९० झाले नाहीत” +१. हे वाक्य लक्षात राहील.

भालाफेक

स्पष्टच लिहितो. ‘शिखरावर असताना सोडावं’ हा प्रेक्षकांचा हट्ट आहे, खेळाडूची गरज नाही. आपल्याला त्यांचा फोटो भिंतीवर सुंदर हवा असतो. त्यांना मात्र पुढची चाळीस वर्षं जगायची असतात. ज्या माणसानं आठव्या-नवव्या वर्षापासून एकच गोष्ट केली, त्याला पस्तिशीत सांगायचं की आता तू यातला नाहीस? आपल्यापैकी कोणाला कोणी पस्तिशीत नोकरीवरून काढून वर ‘आठवणी छान होत्या’ म्हणालं तर चालेल का? त्यामुळे धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: थांब म्हणायचा हक्क कोणाचाच नाही.

मृगजळ

भालाफेक, टेनिस आणि शर्यतीपुरतं मान्य. बॉक्सिंगला हे लागू करू नका. बियाँ बोर्ग १९९१ मध्ये माँटे कार्लोला जुनी लाकडी रॅकेट घेऊन उतरला, तोवर सगळे ग्राफाइटवर गेले होते. जॉर्डी अरेसेनं त्याला सरळ सेटमध्ये हरवलं, आणि पुढची दोन वर्षं तो अधूनमधून खेळत राहिला तरी एकही सामना जिंकला नाही. वाईट वाटलं, पण बोर्ग घरी गेला तो धडधाकट. बॉक्सरच्या बाबतीत हरण्याची किंमत मेंदू मोजतो. तिथे ‘त्याची मर्जी’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

भालाफेक

@मृगजळ, बॉक्सिंगबद्दल शब्द मागे घेतो. तिथे डंडीसारखा माणूस हवाच.

उंबरठा

मग जॉर्ज फोरमनचं काय करायचं? १९७७ मध्ये बॉक्सिंग सोडून धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी परत आला, कारण मुलांसाठी चालवत असलेल्या केंद्राला पैसे हवे होते. लोकांनी जाडा, म्हातारा म्हणून हेटाळणी केली. ५ नोव्हेंबर १९९४ ला मायकल मूररविरुद्ध दहाव्या फेरीपर्यंत तो तिन्ही पंचांच्या गुणतक्त्यांवर मागे होता. आणि मग एक उजवा. वयाच्या ४५ व्या वर्षी जगज्जेता. अंगावर तीच लाल चड्डी होती जी घालून तो वीस वर्षांपूर्वी झाईरमध्ये अलीकडून हरला होता.

त्याला १९८७ मध्ये कोणी ‘आता पुरे’ म्हणून अडवलं असतं तर?

तिसरा पंच

फोरमन हा अपवाद, आणि अपवादच सगळ्यांना फशी पाडतो. प्रत्येक थकलेल्या बॉक्सरच्या कानात कोणीतरी ‘फोरमननं केलं’ म्हणून कुजबुजतं. माईक टायसन नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ व्या वर्षी जेक पॉलसमोर उभा राहिला. आठ फेऱ्या, त्याही दोन-दोन मिनिटांच्या. मी पहिल्या तीन पाहिल्या आणि बंद केलं.

पैशाचा मुद्दाही आहे. जो लुईस १९४९ मध्ये जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. पण करखात्याचं देणं इतकं होतं की १९५० मध्ये त्याला परत यावं लागलं. एझर्ड चार्ल्सनं हरवलं. १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोनं त्याला आठव्या फेरीत दोरांमधून रिंगबाहेर पाडलं. लुईस हा मार्सियानोचा लहानपणापासूनचा आदर्श होता. जिंकल्यावर तो लुईसच्या खोलीत जाऊन रडला असं म्हणतात. पुढे मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये थांबला आणि एकदाही परत लढला नाही. मला नेहमी वाटतं, १९५१ ची ती रात्र त्याच्या मनात घर करून बसली असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

सावळी

आतापर्यंत नुसती वाचत होते. आता लिहितेच.

माझे बाबा व्हॉलीबॉल खेळायचे. राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेलेले, भारताच्या शिबिरातही एकदा निवड झाली होती. बत्तिसाव्या वर्षी गुडघ्यानं साथ सोडली. निवृत्तीचा छोटा सत्कार झाला, शाल-श्रीफळ, भाषणं. दुसऱ्या दिवसापासून घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. बाबा पहाटे पाचला उठायचे, बूट घालायचे, नाड्या बांधायचे, आणि दाराच्या पायरीवर बसून राहायचे. सहा वाजता बूट काढून आत यायचे. सात-आठ महिने हे चाललं. आम्हाला कोणालाच त्याबद्दल बोलायचं धाडस झालं नाही.

मग एक दिवस ते म्हणाले, खात्यांतर्गत स्पर्धेत खेळणार. घर एकदम बदललं. बाबा हसायला लागले, आईशी बोलायला लागले. दीड वर्ष ते परत खेळले आणि दुसऱ्या गुडघ्याचीही वाट लागली. मी चौदा वर्षांची होते. एका रात्री त्यांना भिंतीला धरून चालताना पाहिलं आणि रडत ओरडले, “बाबा, आता पुरे, नका ना जाऊ.” ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी बूट एका मुलाला देऊन टाकले.

धागाकर्ती, हक्क कोणाचा ते मला सांगता यायचं नाही. मी सांगितलं आणि ते थांबले, म्हणून त्यांचे गुडघे थोडे तरी वाचले. पण ते बूट देऊन आले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

स्वल्पविराम

सावळी, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. पायरीवर बूट घालून बसलेले बाबा डोळ्यांसमोरून हलत नाहीयेत.

हाडवैद्य नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंबरोबर काम करते. सावळीनं लिहिलेलं पहाटेचं उठणं मी इतक्या जणांकडून ऐकलंय. लोकांना वाटतं त्यांना टाळ्यांची चटक असते. असेल काहींना. पण माझ्याकडे येणारे टाळ्यांबद्दल फारसं बोलत नाहीत. ते बोलतात वेळापत्रकाबद्दल. कधी उठायचं, काय खायचं, किती झोपायचं, कोणत्या महिन्यात दमायचं आणि कोणत्या महिन्यात ताजं राहायचं, हे सगळं वीस वर्षं ठरलेलं असतं. शिवाय शरीर रोज सांगत असतं की काल होतास त्यापेक्षा आज बरा आहेस की वाईट. तो जाब विचारणारा आवाजच एका दिवसात बंद होतो. क्रीडा मानसशास्त्रात याला खेळाडू म्हणून असलेली ओळख म्हणतात. ती एकच ओळख असेल तर निवृत्तीनंतर माणसाकडे स्वतःचं असं काही उरत नाही.

मायकल फेल्प्सनं हे स्वतः उघडपणे सांगितलंय. २०१२ ला एकूण २२ ऑलिंपिक पदकं घेऊन तो थांबला. नंतरच्या काळात आपल्याला जगावंसंच वाटत नव्हतं असं त्यानं सांगितलंय. २०१४ मध्ये तो पोहायला परतला खरा, पण त्याच वर्षी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला आणि मग त्यानं उपचार घेतले. रिओला पाच सुवर्ण आणि एक रौप्य. एकूण २८. पण रिओहून परतल्यावर तो मानसिक आरोग्यावर बोलत राहिला, हे मला त्या पदकांहून मोठं वाटतं.

शरीराबद्दलही सांगते. आधी जातो तो स्फोटक वेग. झटक्यात आकुंचन पावणारे स्नायूतंतू वयाबरोबर कमी होत जातात. दम त्यापेक्षा हळू उतरतो. कौशल्य सगळ्यात शेवटी जातं. म्हणूनच फसगत होते. चेंडू कुठे पडणार हे डोळ्याला पूर्वीइतकंच आधी कळतं, किंबहुना अनुभवानं जास्तच आधी कळतं. हात मात्र अर्ध्या क्षणानं उशिरा पोचतो. खेळाडूला सरावात वाटतं, अरे, मला सगळं येतंय. येतंच असतं!

पाचवा गिअर

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

रात्रपाळी

चड्डी, बूट झाले, आता जर्सी. अवांतर आहे पण लिहितो. बास्केटबॉलचा मायकल जॉर्डन १९९३ च्या उन्हाळ्यात वडिलांचा खून झाल्यावर ऑक्टोबरात निवृत्त झाला. एक वर्ष बर्मिंगहॅम बॅरन्सकडून बेसबॉल खेळला, .२०२ च्या सरासरीनं. मार्च १९९५ मध्ये ‘मी परत आलोय’ एवढ्या एका ओळीचं निवेदन पाठवून परतला. २३ क्रमांकाची जर्सी संघानं सन्मानानं टांगून ठेवली होती म्हणून त्यानं ४५ घातली. बाद फेरीत ऑरलँडोविरुद्ध हरल्यावर तो मालिकेच्या मध्येच पुन्हा २३ घालून आला आणि संघाला दंड भरावा लागला. पुढे १९९६, ९७, ९८ अशी सलग तीन विजेतेपदं.

१९९९ मध्ये पुन्हा निवृत्ती आणि २००१ मध्ये ३८ व्या वर्षी वॉशिंग्टनकडून तिसरं पर्व. संघ बाद फेरीत कधी गेला नाही. पण फेब्रुवारी २००३ मध्ये, चाळिशी पूर्ण केल्यावर चारच दिवसांनी, त्यानं एका सामन्यात ४३ गुण केले. चाळिशीत चाळीस गुण करणारा पहिला माणूस. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सगळे त्याला म्हातारा म्हणायचे. आज मी त्या वयाचा आहे.

मृगजळ

वडिलांसाठी गेला, वडिलांच्या आवडीचा बेसबॉल खेळला आणि मग परतला. त्या पहिल्या निवृत्तीला मी निवृत्ती म्हणतच नाही. तो शोक होता.

कोरी पाटी

कोणी विजय मर्चंट यांचं ते प्रसिद्ध वाक्य टाकणार होतं की नाही? ‘का थांबताय’ असं लोक विचारतात तेव्हा थांबावं, ‘का थांबत नाही’ विचारेपर्यंत वाट पाहू नये. सगळ्या वादाचं उत्तर त्यात आहे.

तिसरा पंच

@कोरी पाटी, मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ काढून थांबले, ते शेवटच्या कसोटीत. वय चाळीस. पण त्याच कसोटीत क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला होता, आणि त्या दुखापतीनंच त्यांची कारकीर्द संपली. वाक्य सुंदर आहे, मीही ते शंभरदा ऐकवलंय. पण स्वतः मर्चंटांच्या बाबतीतही निर्णय थोडा खांद्यानं घेतला होता.

कोरी पाटी

हे माहीत नव्हतं. वाक्याचं वजन माझ्यासाठी कमी नाही झालं, पण जरा माणसाळलं.

भालाफेक

आणि सगळेच परत ‘येत’ नाहीत, काहींना बोलावून आणतात. रॉजर मिला राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता. कॅमेरूनच्या राष्ट्राध्यक्षांनी गळ घातली म्हणून १९९० च्या फुटबॉल विश्वचषकात ३८ व्या वर्षी उतरला. चार गोल, संघ उपांत्यपूर्व फेरीत. चार वर्षांनी ४२ व्या वर्षी रशियाविरुद्ध पुन्हा गोल.

बॉब सिम्पसन जवळजवळ दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. १९७७ मध्ये केरी पॅकरनं आपल्या खासगी क्रिकेट मालिकेसाठी ऑस्ट्रेलियाचे सगळे मोहरे पळवले म्हणून ४१ व्या वर्षी त्यांना कर्णधार करून भारतासमोर उभं केलं. चंद्रशेखर, बेदी, प्रसन्नासमोर त्यांनी दोन शतकं काढली आणि मालिका ३-२ अशी जिंकली. इम्रान खान १९८७ च्या विश्वचषकानंतर थांबला होता, जनरल झिया यांनी सांगितलं म्हणून परतला. नसता परतला तर १९९२ चा विश्वचषक नाही. त्या अंतिम सामन्यात ३९ व्या वर्षी संघातल्या सर्वाधिक ७२ धावा त्याच्याच.

आपला फुटबॉलपटू छेत्रीही त्यातलाच. जून २०२४ मध्ये ९४ गोलांवर थांबला, मार्च २०२५ मध्ये परत बोलावलं, पहिल्याच सामन्यात मालदीवविरुद्ध गोल. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी पोटात तुटलं. चाळिशीतल्या माणसाला परत हाक मारावी लागते, म्हणजे मधल्या वर्षांत आपण मागे कोणाला उभंच केलं नाही.

उंबरठा

शेवटचं वाक्य अगदी खरं. खेळाडू सोडत नाही म्हणून आपण त्याला बोलतो. पण कितीदा तर आपण त्याला सोडत नसतो.

हाडवैद्य नव्हे

बायकांची उदाहरणं कमी आली, म्हणून दोन देते.

किम क्लायस्टर्स २००७ मध्ये थांबली, २००८ मध्ये मुलगी झाली, २००९ मध्ये परतली आणि पुनरागमनातल्या तिसऱ्याच स्पर्धेत, थेट प्रवेशिकेवर खेळून, अमेरिकन ओपन जिंकली. दीड वर्षाची लेक कोर्टवर बागडत होती. तिला विचारणारे कमी नव्हते की आता मूल सोडून कशाला. हाही ‘आता पुरे’च, फक्त वेगळ्या तोंडून.

आणि माझी सगळ्यात लाडकी ओक्साना चुसोविटिना. जिम्नॅस्टिक्समध्ये मुली विशीत निवृत्त होतात. ही १९९२ च्या बार्सिलोनाला सुवर्ण जिंकलेल्या संघात होती. २००२ मध्ये मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, उपचार जर्मनीत, आणि बक्षिसांचा पैसा त्या उपचारांना लागायचा. ती खेळत राहिली. २००८ ला जर्मनीकडून ३३ व्या वर्षी व्हॉल्टमध्ये रौप्य. मुलगा बरा झाला. टोकियोला ४६ व्या वर्षी तिनं निरोप घेतला. महामारीमुळे प्रेक्षक नव्हते, तर इतर खेळाडूंनी आणि पंचांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी घरी ढसाढसा रडले. आणि काही महिन्यांतच ती म्हणाली, मी परत सुरू करतेय!

आता मुलासाठी पैसे हवेत असं नव्हतं, कोणाला काही सिद्ध करायचंही नव्हतं. तिला ते आवडतं. एवढं कारण पुरेसं असू शकतं हे मला तिच्यामुळे पटलं. शरीराला झेपेल तितकं, डोळे उघडे ठेवून.

रात्रपाळी

स्टीव्ह रेडग्रेव्हशिवाय हा धागा अपुरा. १९९६ ला अटलांटात चौथं सुवर्ण जिंकून होडीतून उतरला आणि म्हणाला, मला पुन्हा होडीच्या जवळपास कोणी पाहिलं तर गोळी घालायची परवानगी आहे. पुढच्या वर्षी मधुमेह निघाला. आणि २००० मध्ये सिडनीला पाचवं सुवर्ण, ३८ व्या वर्षी! गोळी कोणी घातली नाही, नंतर ‘सर’ ही पदवी दिली.

पाचवा गिअर

:)) पण यात एक गोष्ट आहे. शर्यत संपल्यावर पाच मिनिटांनी माणूस जे बोलतो त्याला निवृत्ती धरूच नये. मेस्सी २०१६ मध्ये कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी चुकवून त्याच रात्री राष्ट्रीय संघ सोडतो म्हणाला होता. दीड-दोन महिन्यांत परतला. त्या रात्रीचा शब्द त्यानं पाळला असता तर २०२१ ची कोपा नाही आणि २०२२ चा विश्वचषकही नाही.

स्वल्पविराम

उलट फॉर्म्युला वनचा नीको रॉसबर्ग. २०१६ मध्ये जगज्जेता झाला आणि पाचच दिवसांनी थांबला. परत आला नाही. अ‍ॅश बार्टी २५ व्या वर्षी, अव्वल क्रमांकावर असताना थांबली. ती आधी एकदा टेनिस सोडून क्रिकेट खेळून आली होती. कदाचित म्हणूनच तिला माहीत होतं की टेनिसच्या बाहेरही आपण असतो.

अनवाणी

सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोन-तीनदा. आता कारण सांगते.

माझी मोठी बहीण लांब पल्ल्याची धावपटू. नाव सांगत नाही, पण राष्ट्रीय पदकं आहेत. दोन वर्षांपूर्वी पोटरीच्या हाडाला चीर गेली आणि तिनं निवृत्ती जाहीर केली. आता ती ३६ ची आहे. दोन महिन्यांपूर्वी मला कळलं की ती पुन्हा पहाटे पळतेय, घरी कोणाला न सांगता. आईबाबांना कळलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं, “तुझं ऐकते ती, तू समजाव.” मी समजावणारच होते. त्या रात्रीच झोप येत नव्हती आणि अलीची लढत लावली.

काल संध्याकाळी तिला भेटले. भाषण तयार होतं. पण सावळीच्या बाबांची पायरी डोक्यात होती, म्हणून आधी एवढंच विचारलं, “ताई, तू नेमकी कशासाठी पळतेयस?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला जिंकायचं नाहीये गं. मी थांबले ती स्ट्रेचरवरून. मला एकदा स्वतःच्या पायांनी शर्यत पूर्ण करून थांबायचंय.”

मला काही बोलताच आलं नाही. आता मी काय करू? थांब म्हणू की जा म्हणू?

सावळी

अनवाणी, माझ्या बाबांना मी हा प्रश्न कधी विचारलाच नाही. तू विचारलास.

मृगजळ

मी इतका वेळ थांबवणाऱ्यांच्या बाजूनं बोलत होतो. इथे नाही म्हणवत नाही. तिला शेवट कुठे आहे ते माहीत आहे.

तिसरा पंच

तिला एक व्यावहारिक गोष्ट सांगा. तिचं नाव उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत गटात असेल आणि तिनं रीतसर निवृत्ती कळवली असेल, तर राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत परतण्याआधी सहा महिने लेखी कळवून चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. नुसती नोंदणी करून उतरली आणि मग अडवली गेली तर पुन्हा तोच घाव. आधी संघटनेला विचारून घ्या.

हाडवैद्य नव्हे

आणि दुसरी व्यावहारिक गोष्ट. चीर गेलेलं हाड दोन वर्षांत भरून येतं, पण ती का गेली होती हे शोधल्याशिवाय अंतर वाढवू नका. हाडांची घनता, लोह, ड जीवनसत्त्व, पाळी नियमित आहे का, खाणं पळण्याच्या मानानं पुरतंय का, सगळं तपासा. लांब पल्ल्याच्या मुलींमध्ये कमी खाणं हे मोठं कारण असतं आणि ते कोणी विचारत नाही. हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबून दुखलं तर त्या दिवशी पळायचं नाही, शर्यत उद्या असली तरी नाही. आणि ती एकटी, लपून पळतेय याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डंडी कोपऱ्यात होता म्हणून दहाव्या फेरीनंतर तरी थांबवू शकला. कोणीतरी तिथे असायला हवं.

भालाफेक

मघाशी मी लिहिलं होतं की हक्क कोणाचाच नाही. दुरुस्त करतो. जो पहाटे तिच्याबरोबर उठतो त्याचा असावा.

अनवाणी

ताईला तुमचे दोन्ही व्यावहारिक प्रतिसाद वाचून दाखवले. तपासण्यांसाठी शनिवारची वेळ घेतली आहे. संघटनेला पत्र ती स्वतः लिहिणार आहे. आईबाबांशी मी बोलले, बाबा अजून नाराज आहेत.

बोट दाबून कुठे दुखतं ते कसं बघायचं, हे @हाडवैद्य नव्हे, जरा नीट लिहाल का? उद्या पावणेपाचला तिच्याबरोबर निघतेय. मला पळता येत नाही, सायकल घेणार आहे.